काळं मारून रायली

"काऊन रे बाबू, हा माहाच फोटो होय का?"

भादव्यातली दुपार. तालुक्याच्या बसस्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान. पाऊस येतो येतो म्हणून येत नव्हता आणि वरचा पत्रा तापलेला. श्रावणबाळच्या कागदांना आधारची झेरॉक्स जोडायची म्हणून आलेल्या आबाजींनी कागद हातभर लांब धरला होता. नाव वाचता येत होतं, बारा आकडे ठसठशीत, क्यूआर कोड तर कोरून काढल्यासारखा. फक्त चेहऱ्याच्या जागी टोपी घातलेला डांबराचा गोळा.

"फोटो तुमचाच होय जी. मशीन काळं मारून रायली."

असं झालं की उपायही ठरलेला. कार्ट्रिज बाहेर काढायचं, सुपात दाणे घोळवावेत तसं दोन्ही हातांनी हलवायचं आणि परत ठोकून बसवायचं. हलवल्यानं पावडर सारखी पसरते, मधली फिकी पट्टी जाते. संपत आलेलं कार्ट्रिज अजून शंभरेक पानं रेटून नेतं. पण काळ्यावर ते औषधच नव्हे. काळं मारणाऱ्या मशीनचं कार्ट्रिज हलवणं म्हणजे खारट झालेली भाजी ढवळणं.

मुळात लेझर प्रिंटरकडे राखाडी नावाचा रंगच नसतो. पावडर काळी, कागद पांढरा, मधलं काही नाही. राखाडी दिसतो तो डोळ्यांना फसवून. ठिपके बारीक ठेवले की फिका, जाड केले की गडद.

पेपरवर पाण्याचा थेंब ठेवून त्यातून फोटो पाहायचा उद्योग कोणी केला नाही? सकाळची शाळा सुटलेली, छपरीत लोटा भरून ठेवलेला, पुढ्यात आदल्या दिवसाचा पेपर. बोट बुडवून मंत्र्याच्या गालावर थेंब सोडला की गाल फुटायचा आणि त्याचे ठिपके व्हायचे. कपाळावर बारीक, सुटे सुटे. डोळ्यापाशी लठ्ठ, एकमेकांना चिकटलेले. थेंब बाजूला सरकवला की मंत्री पुन्हा जोडला जायचा. कागद भिजून त्याला भोक पडेपर्यंत हा खेळ चाले, आणि मग मागच्या पानावरचे कापसाचे भाव वाचायला घेतलेले आजोबा ओरडायचे.

दुकानातल्या प्रिंटरचं गणित तेच. ६०० डीपीआयची मशीन म्हणजे इंचाला ६०० जागा. त्यातल्या ८ आडव्या आणि ८ उभ्या जागांचा एक चौकोन धरायचा, त्यात ६४ कण. एकही भरला नाही तर पांढरा, सगळे भरले तर काळा, मध्ये जेवढे भराल तेवढी छटा. एकूण छटा ६५, आणि इंचाला असे चौकोन ७५. पेपरातला फोटो इंचाला साधारण ८५ रेघांचा, म्हणजे ठिपक्यांच्या ८५ ओळींचा असतो. म्हणजे आपला प्रिंटर पेपरापेक्षाही जाडंभरडं कापड विणतो.

तेही चाललं असतं, पण ठिपका आपल्या जागेत राहत नाही. कागदावरची जागा चौकोनी, एका बाजूनं ०.०४२ मिलिमीटर; लेझरचा ठिपका गोल. चौकोनाचे चारही कोपरे झाकायचे तर गोल चौकोनापेक्षा क्षेत्रफळानं ५७ टक्के मोठा लागतो. न झाकावे तर काळ्या भागात पांढरी जाळी दिसते. म्हणून ठिपका मुळातच मापापेक्षा मोठा ठेवलेला. त्यावर पावडर बसते. मग फ्यूजरमध्ये दोनशे अंशांच्या आसपास ती वितळते, वरून रोलर दाबतो आणि ठिपका आणखी पसरतो.

म्हाताऱ्या बायांच्या हनुवटीवरचं गोंदण आठवावं. गोंदलं तेव्हा पाच ठिपके सुटे होते. पन्नास-साठ वर्षांत शाई कातडीखाली पसरत गेली आणि आता तिथं एकच हिरवट डाग आहे. प्रिंटर तेच काम पाच सेकंदांत करतो.

छापखान्यातले लोक याला डॉट गेन म्हणतात. २० टक्के डॉट गेन म्हणजे ५० टक्के सांगितलेला राखाडी कागदावर ७० दिसणार. फोटोशॉप तर राखाडीसाठी न विचारताच २० टक्के डॉट गेन धरून चालतं. यातली मेख अशी, की वाढ सगळीकडे सारखी नसते. अगदी फिक्या भागात ठिपके लांब लांब असतात, पसरले तरी शेजाऱ्याला लागत नाहीत. अगदी काळ्यात पसरायला जागाच उरत नाही. मार बसतो तो मधल्यांना. अक्षरं काळी, कागद पांढरा, दोघंही सुखरूप. मधले कोण? चेहरे. त्यातही आयुष्यभर तुरीच्या आणि पराटीच्या वावरात उन्हं खाल्लेले चेहरे, जे मुळातच ५० ते ७० च्या मधे कुठंतरी असतात. ते सत्तरीच्या पुढं गेले की गाल, डोळा आणि भुवई यांत फरक उरत नाही. गोऱ्या माणसाची झेरॉक्स त्याच मशीनवर बरी येते, यात मशीनच्या मनात काही नसतं. पण येते खरी.

आता रोग शोधायचा तर आधी कोरं पान छापावं. वर्डमध्ये एक स्पेस मारून प्रिंट द्यायची. पांढऱ्या जागेवरच भुरकट धूर आला, तर दोष कार्ट्रिजचा: लेझर ज्यावर चित्र उमटवतो तो ड्रम झिजलेला, त्याला विजेचा भार देणारा चार्ज रोलर मळलेला, ड्रम पुसणारं ब्लेड चिरलेलं, किंवा रिफिल करताना वेस्टची, म्हणजे ड्रमवरून पुसलेल्या पावडरीची, टाकी रिकामी केलेलीच नाही. एचपीच्या १२ए सारखं कार्ट्रिज ५ टक्के मजकुराची २००० पानं धरून बनवलेलं. त्यात ड्रम न बदलता पाचव्यांदा पावडर भरली तर त्यानं किती निभवावं? आणि वेस्टची पावडर चाळून परत भरणारे महाभाग असतात, त्यांना हात जोडावेत. त्या पावडरीत कागदाची धूळ असते, विजेचा भार नीट घेत नाही, नको तिथं जाऊन बसते. पावडर त्याच कार्ट्रिजची, बाटलीवर लिहिलेल्या वजनाची, आणि ड्रमला ऊन लागू द्यायचं नाही. सांडली तर गार पाण्यानं धुवावी. गरम पाण्यानं ती सदऱ्यात कायमची बसते.

कोरं पान कोरंच आलं, अक्षरंही स्वच्छ, तर कार्ट्रिजला हात लावू नये. मग प्रिंटरचं स्वतःचं टेस्ट पान काढावं. त्यातल्या राखाडी पट्ट्या बऱ्या दिसल्या तर भानगड फाइलमध्ये.

आणि दहातल्या सात वेळा ती तिथंच असते. मोबाइलवरच्या स्कॅनिंगच्या ॲपनं आपल्या मनानं 'ब्लॅक अँड व्हाइट' फिल्टर मारलेला असतो, नाहीतर स्कॅनरच तसा लावून ठेवलेला असतो. या दोन शब्दांनी जितके चेहरे जाळले तितके कोणी जाळले नसतील. ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे खरोखरच काळा किंवा पांढरा, दोनच. माणूस पांढऱ्यात तर बसत नाही, मग जातो काळ्यात. फोटो असलेला कागद 'ग्रेस्केल'वरच स्कॅन करावा, ३०० डीपीआयवर. २५६ छटा मिळतात. थेट कॉपी मारायची तर टेक्स्टवरून मिक्स्ड किंवा फोटोवर आणावं. त्यानं अक्षरं जराशी मऊ येतात. येऊ द्यावीत. एवढंच की परत टेक्स्टवर आणायला विसरू नये, नाहीतर पुढचा सातबारा फिका येतो आणि तो मालक वेगळं भांडतो.

निळ्या पडद्यापुढं काढलेला पासपोर्ट फोटो हे आणखी एक दुखणं. रंगाचा राखाडी करताना हिरव्याला ५९, लाल रंगाला ३० आणि निळ्याला फक्त ११ टक्के वजन देतात. डोळ्याला टवटवीत दिसणारा निळा कागदावर जवळजवळ काळा होतो, आणि केस त्यात विरघळतात. स्टुडिओवाल्यांना निळ्याची इतकी हौस का, देव जाणे. पांढरी चादर टांगा म्हणावं.

मग डेन्सिटी. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये कुठंतरी असते. कुठं १ ते ५ आकडे, कुठं उणे-अधिकची सरकपट्टी. ३ असेल तर २ करावी आणि एक पान काढून पाहावं. एका दमात १ वर नेऊ नये, अक्षरांच्या बारीक रेघा तुटतात. यानं ड्रमवर पावडर नेणाऱ्या डेव्हलपर रोलरवरचा विजेचा दाब कमी होतो, पावडर कमी उडते. शेजारी 'टोनर सेव्ह' असतं, त्याला बोट लावू नये. ते ठिपके गाळतं. फोटो फिका होतो, पण त्याबरोबर आधारचा नंबरही. पावडर वाचवायचा उपाय चेहरा सुधारायला वापरू नये. आणि १२०० डीपीआय म्हणजे फोटो जास्त चांगला, हाही गैरसमज. बारीक ठिपका निम्म्या मापाचा मागितला तरी लेझरचा गोळा तेवढ्या प्रमाणात बारीक होत नाही, म्हणून शेजारचे ठिपके आणखी लवकर मिसळतात. राखाडीला ६०० बरं.

शेवटचा आणि खरा उपाय फाइलमध्येच: फोटोशॉपमध्ये कंट्रोल एल. लेव्हल्सची खिडकी उघडते, खाली तीन खुंट्या: काळी, राखाडी, पांढरी. दोन्ही टोकांना हात न लावता मधली डावीकडे सरकवायची, १.०० चे १.४० होईपर्यंत, चेहरा फारच काळा असेल तर १.६०. इरफानव्ह्यूमध्ये शिफ्ट जी, तिथं या मधल्या खुंटीचं नाव गामा, आकडे हेच. स्क्रीनवर फोटो धुतल्यासारखा पांढुरका दिसेल, बाजूला उभा माणूस म्हणेल, अरे पांढरा करून रायला तू. त्याच्याकडे लक्ष देऊ नये. स्क्रीनवर चांगला दिसणारा फोटो कागदावर काळा येणार, तेव्हा कागदावर चांगला यायचा तो स्क्रीनवर वाईटच दिसला पाहिजे. एकदा १० पासून १०० टक्क्यांपर्यंतचे दहा राखाडी चौकोन ओळीनं छापून भिंतीला चिकटवून ठेवावेत. कितवा चौकोन कुठं काळ्यात बुडतो ते पाहिलं की आपल्या मशीनचा स्वभाव कळतो.

आरसा पुसणाऱ्यांचंही सांगायला हवं. जुन्या झेरॉक्स मशीनवर हात बसलेले मिस्त्री काळी प्रत आली की आधी काच आणि आरसे पुसतात. तिथं ते बरोबरच होतं. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये झेरॉक्सची रीत शोधणाऱ्या चेस्टर कार्लसननं '१०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया' ही पहिली प्रत काढली त्या रीतीत कागदाच्या पांढऱ्या भागावरून प्रकाश येतो आणि ड्रमवरचा तिथला विजेचा भार घालवतो. जिथं प्रकाश नाही तिथं पावडर. आरसा मळला की प्रकाश कमी, प्रत काळी. लेझर प्रिंटरमध्ये उलटं आहे. जिथं प्रकाश पडेल तिथं काळं. त्यामुळे आतल्या आरशावर धूळ बसली तर प्रिंट फिकी येते, आणि पुसून लख्ख केला तर काळं मारणारी मशीन आणखी मारते. कॉपीच्या मशीनची वरची काच तेवढी पुसावी, तिला ते लागतंच.

दुकानातला पोरगा हे सगळं जाणून होता असं नाही, पण खुंटी कुठं सरकवायची ते त्याला ठाऊक होतं. फाइल मात्र तो पुसत नाही. खेड्यात साठीपुढच्या कित्येक माणसांचा एकट्याचा असा फोटो आधारवरच असतो. शाळेच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, कॅमेऱ्याच्या चौकटीत आणून बसवलेला. दोन-चार वर्षांनी नातू येतो, तेरवीच्या पत्रिकेत टाकायला फोटो लागतो, आणि घरात तो कुठंच नसतो. तेव्हा कार्डावरूनच ६०० डीपीआयवर स्कॅन करायचं, डीस्क्रीन चालू ठेवायचं म्हणजे कार्डावरचे छापील ठिपके विरघळतात, आणि मग मधली खुंटी सरकवायची. हळू. १.२०, १.३०. काळ्यातून आधी नाक वर येतं, मग गालाचं हाड, मग डोळे. नातू तोवर काही बोलत नाही.

आबाजींची तिसरी प्रत आली. ग्रेस्केल, डेन्सिटी २, मधली खुंटी १.५०. त्यांनी कागद पुन्हा हातभर लांब धरला, उजेडाकडे वळवला.

"हं. हा मी होय." मग जरा वेळानं, "पन मिशी कोठी गेली?"

"मिशी पांढरी हाय जी तुमची. कागदात मिसळली." पोरानं कानामागचा पेन काढला. "पाह्यजे तं काढून देतो."

"राहू दे," आबाजी कागदाची घडी घालत म्हणाले. "साहेबानं इचारलं तं सांगीन, कालच काढली मनून."