सारख्या तोंडाच्या वायरी

प्रत्येक घरात एक खण असतो. त्यात अर्ध्या मेणबत्त्या, संपलेले सेल, कुठल्या कुलपाची ते कुणालाच न आठवणारी किल्ली आणि तळाशी वेटोळं घालून बसलेल्या पाच-सहा काळ्या-पांढऱ्या यूएसबी वायरी असतात. "कुठलीही दे, सगळ्या सारख्याच आहेत," असं आपण म्हणतो. सारखी असतात ती फक्त त्यांची तोंडं.

जुन्या कॉम्प्युटरची पाठ आठवा. कीबोर्डला एक गोल भोक, माउसला दुसरं. पुढे ती ओळखू यावीत म्हणून एकाला जांभळा रंग दिला, दुसऱ्याला हिरवा. प्रिंटरची वायर अंगठ्याएवढ्या जाडीची, २५ पिनांची, दोन्ही बाजूंनी स्क्रू आवळायची. मोडेमची वेगळी, ९ पिनांची. माउस निसटला तर तो परत खोचून बहुतेक वेळा कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागे. दिसायला सगळं गबाळं, पण प्रामाणिक. कीबोर्ड-माउसची अदलाबदल सोडली तर चुकीची वायर चुकीच्या भोकात जायचीच नाही.

हा पसारा आवरायला कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या, आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. इंटेलमध्ये या कामाच्या आघाडीवर होते अजय भट्ट. ते शिकले बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. म्हणजे गायकवाडांच्या गावाचा या वायरीशी थोडा संबंध लागतो, तेवढा अभिमान बाळगायला हरकत नाही.

मूळच्या चपट्या आयताकृती प्लगमध्ये चारच वायरी असतात. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, वीज परत जायची वाट, आणि हिरवी-पांढरी जोडी निरोपांची. प्लगच्या तोंडात नीट पाहिलं तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा किंचित पुढे आलेल्या दिसतात. त्यामुळे खोचताना आधी वीज जोडली जाते, मग बोलणं; काढताना उलट. कॉम्प्युटर चालू असताना वायर खुशाल काढा-घाला असं म्हणता येतं, त्यात या मिलिमीटरभराच्या फरकाचा मोठा वाटा आहे. मग हा प्लग उलटासुलटा कसाही का बसत नाही? भट्टांनीच नंतर सांगितलंय: तसा केला असता तर वायरी वाढल्या असत्या आणि खर्चही. आडव्या पोर्टात त्रिशुळासारखी खूण वर ठेवली की बहुधा पहिल्याच झटक्यात बसतो. उभ्या पोर्टापुढे मात्र शहाण्यानेही दोनदा प्रयत्न करायची तयारी ठेवावी.

आत जे चालतं ते एखाद्या कडक मास्तरांच्या वर्गासारखं. मास्तर म्हणजे कॉम्प्युटर. निरोपाच्या दोन्ही वायरींचं व्होल्टेज तो खाली दाबून धरतो. नवी वस्तू आली की ती तिच्यातल्या दीड किलोओहमच्या रेझिस्टरने, म्हणजे प्रवाह अडवणाऱ्या चिमुकल्या भागाने, एक वायर वर खेचते. हा तिचा वर केलेला हात. पांढरी वायर वर गेली तर पोरगं सावकाश बोलणारं, सेकंदाला १.५ मेगाबिट, हिरवी गेली तर चटपटीत, १२ मेगाबिट किंवा त्याहून पुढचं. मग मास्तर त्याला क्षणभर गप्प करतो आणि शून्य नंबरच्या बाकावर बसवून चौकशी करतो: कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, काम काय, वीज किती लागेल? उत्तरं पटली की त्याला १ ते १२७ मधला एक नंबर मिळतो. शून्याचा बाक एकच, म्हणून दोन पेनड्राइव्ह एकदम खोचले तरी नोंद एकामागून एकच होते.

नंबर मिळाला म्हणून तोंड उघडता येत नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा वर्गाचा नियम. माउस आपणहून कधीच सांगत नाही की मी हललो. साध्या माउसला कॉम्प्युटर दर आठ मिलिसेकंदांनी विचारतो, "हललास?" तो म्हणतो, "नाही." सेकंदाला सव्वाशे वेळा. आपण चहा घ्यायला उठलो तरी बराच वेळ ही विचारपूस चालूच असते.

बिघाड ओळखायची गुरुकिल्लीही इथेच आहे. पेनड्राइव्ह लावला आणि कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही, तर हातच वर झालेला नाही: पोर्ट मेलेला, किंवा पेनड्राइव्ह. फोन चार्ज होतो पण कॉम्प्युटरला दिसत नाही, तेव्हा आधी फोनवर फाइल ट्रान्सफर निवडून पाहा. तो पर्यायच येत नसेल तर वायर बहुधा फक्त चार्जिंगची, आत दोनच तारा असलेली. पण 'डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' अशी पाटी आली, तर हात वर झालाय आणि नाव सांगताना पोरगं अडखळलंय. मळलेल्या पट्ट्या, तुटत आलेली तार, कमी पडणारी वीज, यांतलं एखादं कारण. अशा वेळी ड्रायव्हर शोधत बसण्याआधी वायर बदला. टेबलाखालच्या कॉम्प्युटरला पुढच्या पोर्टाऐवजी मागच्या पोर्टात लावा. पुढचा पोर्ट मदरबोर्डला आतून आणखी एका वायरीने जोडलेला असतो.

विजेचा हिशोब तर वाण्याच्या वहीसारखा चोख. चौकशी होईपर्यंत १०० मिलिअँपिअर, नंतर मागितले तर ५०० पर्यंत; निळ्या जिभेच्या यूएसबी ३ पोर्टात ९००. बाहेरची हार्ड डिस्क टक-टक करून गप्प होते तेव्हा ती बिघडलेलीच असते असं नाही, कित्येकदा उपाशी असते. चार तोंडांचा स्वस्त हब तिच्या मदतीला येत नाही. स्वतःचा अॅडॉप्टर नसलेला हब वीज वाढवत नाही, तो एकाच ताटातलं चौघांना वाढतो.

वेगाचं दुकान यूएसबीवाल्यांनी स्वतःच गोंधळाचं करून ठेवलंय. २००० सालच्या यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिट (आठ बिटांचा एक बाइट), २००८ च्या यूएसबी ३ चा ५ गिगाबिट, इथवर ठीक. पुढे त्याच ५ गिगाबिटवाल्याचं नाव आधी ३.१ जेन १ केलं आणि मग ३.२ जेन १. लग्नाचं दहा गिगाबाइटचं शूटिंग यूएसबी २ वरून सेकंदाला ३५ मेगाबाइटने गेलं तरी पाचेक मिनिटं लागतात. यूएसबी ३ वर अर्ध्या मिनिटाची आशा असते, पण स्वस्त पेनड्राइव्ह लिहितोच सेकंदाला दहाने. मग पोर्ट निळा असो की सोन्याचा, पाव तास धरून चाला. एक गंमत म्हणजे यूएसबी ३ चा प्लग अगदी हळू खोचला तर जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात, ओळख जुन्याच वेगाने होते आणि तो वेग तसाच राहू शकतो. काढून एका दमात खोचावा. आणि निळ्या पोर्टाशेजारी वायरलेस माउसचा डोंगल असेल तर माउस अडखळतो, कारण यूएसबी ३ चा गोंगाट माउस ज्या लहरींवर बोलतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. डोंगल हातभर एक्सटेन्शनवर दूर नेला की माउस सुतासारखा सरळ.

मग २०१४ मध्ये आलं सी तोंड. चोवीस पिना, कसंही खोचा. आता एकच वायर सगळ्याला, असं लोकांना वाटलं, आणि खरा घोटाळा इथेच सुरू झाला. सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. वेग किती, वीज किती, ते त्यातून कळत नाही. दोन्हीकडे सी असलेली वायर आतून यूएसबी २ ची असू शकते, आणि फोनच्या खोक्यात कितीदा तशीच असते. साध्या वायरीतून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट मिळतात. त्याहून जास्त हवे तर वायरीच्या टोकात स्वतःची कुवत सांगणारी चिप लागते. ती नसेल तर १०० वॅटचा चार्जरही हात आखडतो. लॅपटॉप सावकाश चार्ज होत असेल तर चार्जरला बोल लावण्याआधी वायर पाहावी.

सगळ्यात मजेशीर तक्रार ट्रिमर आणि टॉर्चवाल्यांची. सी भोक आहे, पण सी-टू-सी वायरीने चार्ज होत नाही; जुन्या चार्जरच्या ए-टू-सी वायरीने होतं (ए म्हणजे ते मूळचं आयताकृती तोंड). कारण ए पोर्टात ५ व्होल्ट कायम हजर असतात. सी चार्जर मात्र समोरून ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसल्याशिवाय वीज सोडतच नाही. बनवणाऱ्याने ते दोन क्षुल्लक रेझिस्टर वाचवले, की महागडा चार्जर भिंतीला लागूनही दगड. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरच्या पहिल्या बोर्डांवर दोन पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता, तेव्हा चिप असलेल्या चांगल्या वायरी चालेनात आणि साध्या चालत होत्या. वस्तू बाद म्हणून टाकून देण्याआधी ए-टू-सी वायर लावून पाहा.

तेव्हा एखाद्या रविवारी तो खण उपसावा. प्रत्येक वायर आधी फोन आणि कॉम्प्युटरच्या मध्ये लावायची. फाइल ट्रान्सफर निवडल्यावरही फोन कॉम्प्युटरमध्ये दिसत नसेल तर टोकाजवळ चिकटपट्टी आणि त्यावर 'चा', फक्त चार्जिंगची. दिसला तर एक मोठा व्हिडिओ पाठवून बघायचा आणि वेग लिहून ठेवायचा. लॅपटॉपच्या चार्जरबरोबर आलेल्या वायरीवर त्याचे वॅट. प्लग हलवला की जोडणी तुटते ती सरळ ई-कचऱ्यात. आणि ती किल्ली परत खणात.