डोंबिवलीची सतरा अंकी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढत जाते आणि तशीच पायरी-पायरीने उतरते. १११११११११ चा, म्हणजे नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा, हा वर्ग. सहावी-सातवीच्या शिकवणीत हा गुणाकार मी मुलांकडून हातानेच करून घेते. साध्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर शेवटचे आकडे बहुधा दिसतच नाहीत, आणि सगळी मजा तर तिथेच आहे.

चौकटीच्या वहीत नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मग उभी बेरीज. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ. तिथून पुन्हा कमी कमी. हातचा कुठेच येत नाही. म्हणून तर आकडे असे शिस्तीत उभे राहतात.

कोणीतरी विचारतंच, "ताई, दहा एक घेतले तर?" करून बघ, म्हणते. दहाव्या रकान्यात बेरीज दहा होते, हातचा एक पुढच्या नवाला जातो, त्याचेही दहा होतात, तो हातचा आठाला मिळून त्याचा नऊ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा!

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. जन्म १९०५ चा, डहाणूचा. नोकरी देवळालीला, शाळामास्तरची. जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, डेमलो स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली. डेमलो म्हणजे आमची डोंबिवली! ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे (चार अंकांची संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत; अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत राहा, शेवटी हाच आकडा येतो) कापरेकर जगाला ठाऊक झाले, पण मला त्यांच्या या संख्या जास्त जवळच्या वाटतात.

डेमलोची खूण अशी: दोन्ही टोकांची बेरीज केली की मधलाच आकडा मिळतो. १६५ घ्या, १ आणि ५ मिळून ६. आता आपली संख्या. मधला ९ सोडा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधला नऊच पुन्हा पुन्हा. इथेही हातचा नाही.

कापरेकरांची आणखी एक आवडती जात म्हणजे हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग पूर्ण जातो. दहा एकांच्या वर्गात मात्र ही बेरीज ८२ येते. संख्या विषम, बेरीज सम, भाग जाणार कुठून?

आपल्या संख्येला ८१ ने भागल्यावर जो भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. आठ इथेही गायब आहे, आणि तो योगायोग नाही. १ ला ८१ ने भागत जा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... इथेही दहाचा हातचा नवाला आणि नवाचा आठाला जातो. दहा एकांच्या वर्गात आठ ज्याने खाल्ला, तोच हा हातचा.