पावसात नॅरोबोट: व्हिटचर्च ते लँगॉलेन

एप्रिलच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बोट भाड्याने घेणाऱ्यांनी उन्हाची आशा घरीच ठेवावी. आम्ही श्रॉपशायरमधल्या व्हिटचर्चहून लँगॉलेन कालव्यातून वेल्समधल्या लँगॉलेनकडे निघालो तेव्हा बारीक पाऊस आणि बोचरा वारा होता.

नॅरोबोट म्हणजे कालव्यात चालणारी लांब, चिंचोळी बोट; ती जेमतेम ७ फूट रुंद असते. आत शेगडी, पलंग, स्वयंपाकघर सगळं असतं, पण सुकाणू धरणारा मागे उघड्यावर उभा! त्यामुळे सगळं नियोजन त्या एका माणसाभोवती करा. दर अर्ध्या तासाने माणूस बदला. नुसतं जाकीट पुरत नाही, पावसाळी पँटही हवी. हातमोज्यांचे दोन जोड ठेवा, कारण ओला दोर ओढला की पहिला जोड गेलाच. छत्री आणूच नका; कमानीचे पूल आणि झाडांच्या फांद्या तिला टिकू देत नाहीत.

बोट ताब्यात मिळते दुपारी, आणि भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते. म्हणून पहिल्या दिवशी एल्समियर गाव गाठायचा हट्ट नको. दोन-तीन उचलते पूल पार करून बोट बांधायला काठावर खुंट्या ठोका, शेगडी पेटवा, पिठलं-भात करा. मात्र ऊब टिकावी म्हणून हवेच्या झडपांत फडकी कोंबू नका. बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो; अलार्म चालतो का, ते निघण्यापूर्वी तपासा.

या कालव्याला चक्क प्रवाह आहे. डी नदीचं पाणी यातूनच हर्लस्टनच्या जलाशयाला जातं. कमाल वेग ताशी ४ मैल, पण लँगॉलेनकडे जाताना प्रवाहाविरुद्ध तेवढाही मिळत नाही. चर्कचा ४२० मीटरचा बोगदा एकाच बोटीच्या रुंदीचा. समोरून दिवा दिसला तर बाहेरच थांबायचं, आणि आत शिरल्यावर पाणी इतकं अडवतं की बोट जागची हलतेय का, अशी शंका येते. येताना हेच अंतर भुर्रकन कापलं जातं.

वाटेत लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांच्या कोठ्या, फक्त न्यू मार्टनची दोन. पावसात दरवाज्यांच्या लाकडावरून पळायचं नाही. परतताना पाणी खाली उतरत असताना बोटीचा मागचा भाग भिंतीवरच्या खुणेच्या पुढे ठेवा, नाहीतर तो मागच्या, वरच्या दरवाज्याखालच्या उंबरठ्यावर अडकून बोट कलंडते. कोणी ओरडलं तर आधी लॉकच्या पाणी सोडणाऱ्या झडपा बंद, चर्चा नंतर.

मग पाँटकसुल्टे. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांनी १८०५ साली पुरा केलेला हा जलसेतू डी नदीच्या ३८ मीटर वरून जातो. ओतीव लोखंडाच्या पन्हळीत बोट, एका बाजूला कठड्याची पायवाट, दुसऱ्या बाजूला काहीच नाही! वाऱ्याने बोट पन्हळीच्या कडेला घासते, दचकू नका. लहान मुलांना आत बसवा. उंचीची भीती असलेल्या आमच्या मावशी पडदा ओढून चहा करत बसल्या, आणि त्यांचा निर्णय मला पूर्ण पटला.

सेतूपलीकडच्या ट्रेव्हर गावानंतर कालवा जागोजागी इतका अरुंद होतो की दोन बोटी मावत नाहीत. एकाने फोन घेऊन पायवाटेने पुढे जायचं, वाट मोकळी आहे म्हणाला की बोट न्यायची. लँगॉलेनच्या बोटतळापुढे इंजिनाच्या बोटींना बंदी आहे; पुढे घोड्याने ओढलेली बोट जाते.

हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दुरुस्तीसाठी काही लॉक बंद ठेवतात. पैसे भरण्याआधी कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या सूचना वाचाच.