दहा सेंटांची आसवं

रोमान्स कॉमिक्समधल्या मुली फार व्यवस्थित रडतात. नाक लाल होत नाही, काजळ ओघळत नाही. खालच्या पापणीवर एकच टपोरा थेंब, तोही पडेन पडेन म्हणत थांबलेला. अमेरिकेतले जुने अंक नेटवर चाळताना मला या रडण्याचं हसू यायचं. मग हा उद्योग सुरू कुणी केला ते कळलं, आणि हसू जरा आवरतं घ्यावं लागलं.

जो सायमन आणि जॅक कर्बी. कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय, ते मार्च १९४१च्या अंकाचं मुखपृष्ठ यांचंच. पुढे दोघंही युद्धात गेले. कर्बी फ्रान्सच्या आघाडीवर, तिथे गारठ्यानं पाय गमवायची पाळी आलेली. सायमन तटरक्षक दलात. तिथे सायमनला दिसलं की भोवतालची मोठी माणसं पोरांची कॉमिक्स आवडीनं वाचतायत. दुसरीकडे ‘ट्रू स्टोरी’सारखी कबुलीजबाबांची मासिकं बायकांमध्ये भरपूर खपत होती. या दोन गोष्टी जोडून बघणं आता सोपं वाटतं, पण तोवर ते कुणाला सुचलं नव्हतं एवढं खरं.

त्यांच्या ‘यंग रोमान्स’ या कॉमिकचा पहिला अंक सप्टेंबर-ऑक्टोबर १९४७चा. किंमत दहा सेंट. मुखपृष्ठावर जाहीर केलेलं, की हे कॉमिक्सच्या जास्त प्रौढ वाचकांसाठी आहे आणि आतल्या प्रेमकथा सगळ्या खऱ्या आहेत. खऱ्या कसल्या! स्टुडिओत बसून रचलेल्या. पण निवेदन बहुतेक प्रथमपुरुषी, ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या मुलीचं. पहिल्याच अंकात ‘आय वॉज अ पिक-अप’ नावाची कथा; त्या काळच्या आईनं पोरीच्या हातातून अंक हिसकावून घ्यावा असं नाव.

व्यवहार मात्र दोघांनी डोकं ठेवून केला. कॅप्टन अमेरिकाच्या वेळी नफ्यातल्या वाट्यावरून हात पोळलेले होते. म्हणून क्रेस्टवूड या प्रकाशकाला त्यांनी सांगितलं: आगाऊ छदाम नको, नफ्यात निम्मा वाटा द्या. पहिल्या अंकाच्या शंभरातल्या ब्याण्णव प्रती खपल्या आणि तिसऱ्या अंकापासून छपाई तिप्पट झाली. १९४९मध्ये ‘यंग लव्ह’ हे धाकटं भावंड आलं. मग काय, ज्याला त्याला प्रेमाचं भरतं आलं. १९५०पर्यंत बाजारात अशी शंभरावर शीर्षकं झाली, इतकी की एकमेकांच्या गर्दीतच कित्येक गुदमरली.

मला कुतूहल आहे ते त्या ‘मी’चं. युद्धावरून परतलेले, संसारी, तिशीतले दोन पुरुष पानामागून पान एखाद्या विशीतल्या मुलीच्या तोंडून ‘माझं चुकलं’ म्हणत होते, आणि लाखो मुली ते आपलंच समजून वाचत होत्या. बालगंधर्वांचं बघून साडी नेसायला शिकलेल्या घरंदाज बायकांच्या मुलखात याचं फार नवल वाटायला नको. पण कर्बीची पानं बघताना एक जाणवतं: हा माणूस न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीत वाढलेला आहे. त्याच्या नायिका कोपऱ्यात मुसमुसत नाहीत. दार आपटतात, तावातावानं भांडतात. ठोशातला जोर त्यानं तसाच्या तसा इथे आणला.

तो जोर १९५४मध्ये कॉमिक्स कोडनं, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच लादून घेतलेल्या नियमावलीनं, काढून घेतला. प्रेमकथांनी घराचं मोल आणि विवाहाचं पावित्र्य ठसवावं, घटस्फोट हवासा वाटेल असा दाखवू नये, हीन भावना चाळवू नयेत, असे नियम आले. मग सगळ्या मुली शहाण्या झाल्या. शहाण्या मुलीची गोष्ट आठ पानं कशी ताणणार? माझ्या मते या कॉमिक्सना टीव्हीच्या आणि बदलत्या काळाच्या आधी या शहाणपणानं पोखरलं.

१९६३मध्ये, १२४ अंकांनंतर, ‘यंग रोमान्स’ डीसी कॉमिक्स या प्रकाशकाकडे गेलं. त्याच वर्षी रॉय लिक्टनस्टाइन या पॉप आर्ट चित्रकारानं बुडणाऱ्या मुलीचं ते प्रसिद्ध चित्र केलं. ते आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. मूळ चौकट डीसीच्याच ‘सीक्रेट हार्ट्स’मधली, टोनी अब्रुझोनं काढलेली. लिक्टनस्टाइननं मागचा होडीवरचा तरुण कापून टाकला आणि मुलगी ज्याला हाक मारायला तयार नाही त्याचं ‘मॅल’ हे नाव बदलून ‘ब्रॅड’ केलं. चित्र सुंदर आहे, वाद नाही. पण अब्रुझोचं नाव किती जणांच्या ओठांवर आहे?

शेवटचा, २०८वा अंक नोव्हेंबर-डिसेंबर १९७५चा. बंद पडलं त्याची फारशी हळहळ झाली नसावी, कारण माल तोवर दुसरीकडे पोचला होता. जॉन रोमिटा हा चित्रकार डीसीच्या प्रेमकथा वर्षानुवर्षं काढत होता. १९६६मध्ये त्याच्या हाती स्पायडरमॅन आला. तोवर नुसता उल्लेख होणाऱ्या किंवा तोंड झाकूनच दाखवलेल्या मेरी जेनचा, म्हणजे नायकाच्या पुढच्या प्रेयसीचा, चेहरा वाचकांना पहिल्यांदा धड दिसला तो त्यानंच काढलेला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे अंक शेजारी ठेवून बघा. खलनायक तेच, मारामाऱ्या त्याच. पण पीटर पार्करच्या, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनच्या, कॉलेजातली झाडून सगळी मुलंमुली एका महिन्यात देखणी झालेली दिसतील, खुद्द पीटरसकट.