टेप भाजण्याची बातमी होते तेव्हा

जुन्या रीळ टेपवरचे आवाज वाचवणं हा आमचा व्यवसाय. 1970 आणि 1980च्या दशकांतल्या बऱ्याच टेपांमध्ये चुंबकीय थर पट्टीला धरून ठेवणारं द्रव्य हवेतला ओलावा शोषून घेतं. अशी टेप यंत्रावर चढवली की चिकटते, किंचाळते आणि थर सोलून निघतो. यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. टेप साधारण 50 ते 55 अंश सेल्सिअसच्या स्थिर उष्णतेत काही तास भाजायची. त्यानंतर ती काही आठवडे नीट वाजते, तेवढ्यात आवाज उतरवून घ्यायचा.

सुरुवातीची वर्षं ओळखीओळखीतून काम मिळत गेलं. पण लोक टेपा भंगारात टाकत होते. त्या पुन्हा वाजू शकतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जाहिरातीवर कुणी विश्वास ठेवला नसता, म्हणून बातमी हवी होती.

‘तुमचं काम इतकं अजब, पत्रकार धावत येतील,’ असं सगळे म्हणायचे. मला ते अर्धंच पटत होतं. बातमी कशामुळे होते यावर योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या संशोधकांनी 1965 साली एक निबंध लिहिला. अनपेक्षित गोष्टीची बातमी होते, पण ती वाचकाच्या ओळखीच्या जगातली असावी लागते, असा त्यातला एक मुद्दा आहे. आमच्या बाबतीत तो तंतोतंत लागू पडला. भट्टी अजब खरी, पण वाचकाच्या ओळखीचा होता तो घरातल्या गेलेल्या माणसाचा आवाज. म्हणून प्रेस नोटची सुरुवात भट्टीपासून न करता एका ग्राहकाच्या आईच्या आवाजापासून केली. त्यासाठी घरच्यांची लेखी परवानगी आधीच घेतली होती.

अजब गोष्टीबद्दल संपादक साशंक असतात आणि ते योग्यच आहे. न्यूयॉर्कच्या ‘द सन’ने 1835 साली चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याची लेखमाला छापली होती आणि अनेकांनी ती खरी मानली होती. आपली गोष्ट जितकी अविश्वसनीय, तितका पुरावा आपणच आधी पुढे करायचा, असं आम्ही ठरवलं. नोटसोबत एकाच टेपचे भाजण्याआधीचे आणि नंतरचे तुकडे दिले. आमच्याशी व्यवहार नसलेल्या एका अभिलेखतज्ज्ञाचा संपर्क दिला. या पद्धतीच्या मर्यादाही तो मोकळेपणाने सांगणार, हे आम्हाला माहीत होतं आणि ते आम्हाला हवंच होतं. शिवाय ‘या आणि काम चालू असताना बघा,’ असं निमंत्रण दिलं. 1906च्या अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीजवळच्या रेल्वे अपघातानंतर रेल्वे कंपनीचे जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी वार्ताहरांना थेट घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली होती. आधुनिक प्रेस नोटची सुरुवातही तिथूनच मानतात. लपवण्यासारखं काही नसेल तर दार उघडं ठेवण्याइतका चांगला मार्ग नाही.

नोट सगळीकडे एकदम पाठवली नाही. जुन्या यंत्रांवर सातत्याने लिहिणारी एक वार्ताहर होती. तिचे लेख वाचले आणि फक्त तिलाच कळवलं. फोटोची अडचण मात्र मोठी होती, कारण आवाज काही फोटोत दिसत नाही. छायाचित्रकाराने भट्टीतली रिळं टिपली, पण तो खरा रमला टेपच्या वाटेवर साचलेल्या तपकिरी भुकटीत. तोच फोटो मुख्य ठरला.

एका गोष्टीवर आम्ही अडून बसलो. हे घरी करू नका, ही सूचना छापलीच पाहिजे. घरच्या ओव्हनचं तापमान वरखाली होतं आणि या टेपांहून जुन्या, अ‍ॅसिटेट या प्लास्टिकच्या पट्टीच्या टेपा तर भाजायच्याच नसतात. वार्ताहराने त्यासाठी वेगळी चौकट दिली. आमच्या दृष्टीने लेखाचा सर्वांत मोलाचा भाग तोच.

लेख आल्यावर फोन थांबेनात. मग रेडिओवाले आले. आमच्यासाठी रेडिओच सर्वांत योग्य माध्यम ठरलं, कारण तिथे ऐकणाऱ्याला फरक स्वतःच्या कानांनी कळतो. एका वाहिनीला मुलगा आईचा आवाज पहिल्यांदा ऐकतानाचे अश्रू कॅमेऱ्यावर हवे होते. आम्ही निर्णय घरच्यांवर सोडला, त्यांनी नकार दिला आणि तो कार्यक्रम झाला नाही. पुन्हा तशी मागणी आली तरी आम्ही हेच करू. माणसाच्या दुःखावर त्याचाच हक्क असतो.

आलेल्या फोनांपैकी बरेचसे कॅसेटबद्दल होते. कॅसेटला सहसा भाजावं लागत नाही. तुटलेली पट्टी जोडणं किंवा फुटलेलं कवच बदलणं एवढंच बहुतेक वेळा असतं. त्यासाठी आम्ही वेगळं टेबल मांडलं, एक तरुण सहकारी घेतला आणि आता त्या कामाची नोट लिहायला बसलो आहोत. त्यात भट्टी नाही, त्यामुळे यावेळी संपादकाला काय दाखवायचं यावर आमच्यात अजून वाद चालू आहेत.