साळुंक्या १४ की १७?
आज शहाद्याजवळच्या एका शाळेत सातवीच्या पोरांसोबत पक्षी मोजले. १५ मिनिटं, बांधावर उभं राहून. गोंगाट इतका की निम्मे पक्षी आधीच उडाले असणार! तरी वेडे राघू ४, होले ९, कोतवाल २. साळुंक्यांवरून मात्र दोन गटांत भांडण, १४ की १७? शेवटी १४ लिहिल्या.

यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, टाकली. ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं काम, पुढे या नोंदी जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जातात, वगैरे सांगितलं. कुणालाच कौतुक नाही.

मग रानपिंगळ्याची, म्हणजे एका छोट्या घुबडाची, गोष्ट काढली. १८८४ नंतर ११३ वर्षं कुणालाच न सापडलेला, संपलाच म्हणून धरलेला. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे पक्षी अभ्यासक अमेरिकेहून आले आणि त्यांना तो दिसला कुठे, तर याच शहाद्याच्या रानात. पोरं एकदम चिडीचूप.

मागून एक पोरगी म्हणाली, "सर, त्या इतला लांबथीन पिंगळा देखाले उनात? मंग आमना आजाले का बरं नही इचारं?"

काय सांगणार! येत्या रविवारी आजोबांनाच सोबत नेतोय.