पदेराचा भोंगा आणि चटई

सोमवार, रात्र. पाऊस कोसळतोय.

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकच घाई असते, त्याला ‘बस’ आलं पाहिजे. ते चार दिवसांत येतंही. खाऊ नाकासमोरून डोक्यावरून मागे नेला की ढुंगण आपसूक टेकतं. क्लिक (क्लिकर नावाच्या छोट्या डबीची टिक्, ‘हेच बरोबर’ सांगणारी), मग खाऊ. पाहुण्यांना एकदा दाखवून झालं की शिकवणी आटोपते. मग सकाळी पदेराच्या, म्हणजे गोव्यात दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो आणि तेच पिल्लू बलकांवातून (घरापुढच्या ओसरीतून) फाटकाकडे सुटतं. मागून कितीही ‘बस, बस’ ओरडा, काही उपयोग होत नाही. याला हट्टीपणा म्हणणं मला पटत नाही. स्वयंपाकघरात, मुठीत खाऊ धरलेल्या माणसासमोर बसायचं, एवढंच ते शिकलेलं असतं. फाटक, भोंगा आणि ताज्या पावाचा वास यांच्यासमोर बसायला त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

म्हणून ‘बस’च्या पुढचं लिहून ठेवते.

आधी आपले हात. क्लिक आधी, हात नंतर. हात खाऊच्या पिशवीत आधी शिरला तर पिल्लू हातावर नजर ठेवतं आणि टिक् त्याच्या लेखी पागोळीच्या थेंबाइतकीच. डावा हात पोटाशी स्थिर, उजव्यात क्लिकर; टिक्; मग अर्ध्या-एक सेकंदाने डावा हात हलवायचा. परीक्षा पिल्लाच्या मानेत दिसते. टिक् होताच मान वळली तर आवाजाचा अर्थ त्याला कळला. हात हलल्यावर वळली तर अजून १५ तुकडे घेऊन पुन्हा ओळख करून द्यायची: टिक्, खाऊ, टिक्, खाऊ, मध्ये काहीच मागायचं नाही. आवाजाला दचकणारं पिल्लू असेल तर क्लिकर मोज्यात गुंडाळायचा किंवा बॉलपेनची टिकटिक वापरायची.

आपली वेळ जुळवायला पिल्लाची गरज नसते. घरातल्या कोणाला तरी चेंडू टाकायला सांगायचं आणि तो जमिनीला टेकताक्षणी क्लिक करायचं, २० वेळा. पहिले दहा बहुतेक उशिरा पडतात. तेवढ्याच उशिराने पिल्लाला आपण ‘बसलास’ऐवजी ‘उठलास’ याचं बक्षीस देत असतो. क्लिक चुकून पडली तरी खाऊ द्यायचाच. आपली चूक त्याच्या माथी मारायची नाही.

मंगळवार.

खाऊचं. वाटाण्याच्या दाण्याएवढा तुकडा, त्याहून मोठा नाही. मीठ न घालता उकडलेलं चिकन, किंवा वाफवून काटा न् काटा काढलेला बांगडा. सुकट, सुके बांगडे नकोत, मीठ फार. आपल्याकडच्या या हवेत कोरडा खाऊ दोन दिवसांत मऊ पडतो आणि पिशवीच्या शिवणीत बुरशी धरते, म्हणून पिशवी रोज धुवायची आणि डबा घट्ट झाकणाचा. दिवसभरात जे खायला दिलं ते जेवणातून वजा करायचं.

एका बैठकीला १५ तुकडे मोजून वाटीत घ्यायचे. वाटी रिकामी झाली की बैठक संपली. दोन मिनिटंही लागत नाहीत आणि तेच बरोबर आहे. दिवसातून चार-पाच वेळा. १० आठवड्यांच्या पिल्लाकडून सलग पंधरा मिनिटं मागणं म्हणजे त्याला या कामाचा कंटाळा शिकवणं.

आणखी एक, घराघरांत होणारं. आजी ‘यो’ म्हणते, आई ‘ये’, शाळकरी मुलगा ‘कम’. पिल्लाला हे तीन वेगळे आवाज. एकाच शब्दावर सगळ्यांनी ठरवून यावं आणि तो कागदावर लिहून फ्रीजला लावावा. शब्द लवकर जोडायचाही नाही. दहापैकी आठ वेळा पिल्लू कृती आपणहून करू लागलं की मगच, कृतीच्या जरासा आधी, एकदाच उच्चारायचा. खाऊ हातात धरून दाखवणंही चार-पाच वेळांपुरतं. त्यापुढे रिकाम्या हाताची तीच खूण, आणि खाऊ दुसऱ्या हातातून. नाहीतर पिल्लू खूण बघत नाही, हातात काय आहे ते बघतं.

गुरुवार. सकाळी थोडी उघडीप.

चटई शिकवणं मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात पिल्लाला आपण हातही लावत नाही. १९६०च्या दशकात हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये प्राणी-प्रशिक्षक कॅरन प्रायर डॉल्फिनना शिट्टीच्या खुणेवर शिकवत, कारण पाण्यातल्या जनावराला दोरी बांधून किंवा दाबून काही करून घेता येत नाही. आपल्या सिंकेरीच्या समुद्रात उड्या मारणारे डॉल्फिन पाहिले की ते लगेच पटतं. पिल्लाला दोरी बांधता येते, म्हणून आपल्याला मोह होतो.

जुनी चादर चौघडी करून अंथरायची, हीच पिल्लाची ‘चटई’; एरवी उचलून ठेवायची. पिल्लाने तिच्याकडे नुसतं पाहिलं, क्लिक. तीन-चार वेळा. मग एक पाऊल त्या दिशेने, क्लिक. मग एक पंजा चादरीवर, मग दोन, मग चारही. चार पंजे टेकले की खाऊ चादरीबाहेर फेकायचा. ते उचलून पिल्लू पुन्हा स्वतःहून परततं आणि पुढची संधी मिळते. आडवं होणं हवं असेल तेव्हा मात्र खाऊ चादरीवर, पुढच्या दोन पंजांच्या मध्ये ठेवायचा.

इथे माणसं चुकतात ती पायरी उंच ठेवून. एक पंजा टेकवणाऱ्याकडून थेट चार मागितले की पिल्लू आधी गोंधळतं, मग भुंकतं, चादर चावतं, शेवटी जमीन हुंगत निघून जातं. भुंकणं हा उद्धटपणा नाही. काल चाललेलं आज का चालत नाही, हे ते विचारतंय. हिशोब साधा आहे. दहापैकी आठ बरोबर आले तर पायरी चढायची, लागोपाठ दोन चुकले तर उतरायची.

चादरीवर थांबणं सेकंदांनी वाढवायचं, पण सरळ रेषेत नाही: १, २, १, ३, २, ५, २. दर वेळी आधीपेक्षा अवघडच होत गेलं तर पिल्लू खेळ सोडतं. मग आपण एक पाऊल मागे, परत जवळ, क्लिक. वेळ, अंतर आणि गडबड यांतलं एकच एका वेळी वाढवायचं. एक वाढवलं की बाकीची दोन खाली आणायची. पाच पावलं दूर जायचं असेल तर थांबणं पुन्हा दोन सेकंदांवर. क्लिक झाल्यावर पिल्लू उठलं तर उठू द्यावं. क्लिक म्हणजे काम पूर्ण झालं.

शुक्रवार.

‘सोड’ मी गोव्यात पावसाळा लागायच्या आतच शिकवायला घेते, कारण अंगणात बेडूक आणि भेक (खरखरीत कातडीचे, विषारी बेडूक) निघतात. भेक तोंडात धरला की फेस येतो. तसं झालं तर डोकं खाली धरून, घशात जाणार नाही अशा बेताने तोंड पाण्याने धुवायचं आणि लगेच डॉक्टरकडे. सरावाला मुठीत खाऊ बंद करायचा. पिल्लू चाटेल, खरडेल, आपण गप्प. नाक इंचभर मागे गेलं, क्लिक, आणि खाऊ दुसऱ्या हातातून. मग उघडा तळवा, मग जमिनीवर तुकडा आणि वर आपला पाय तयार. सोडलेली वस्तू त्यालाच कधी द्यायची नाही.

शनिवार.

आता भोंगा. पदेराच्या भोंग्याचा आवाज मोबाइलवर घेऊन ठेवायचा आणि अगदी हळू लावायचा. कान टवकारले तरी अंग चादरीवर आहे, क्लिक. चार-पाच दिवसांत आवाज वाढवत न्यायचा. मग क्रम जुळवायचा: आधी भोंगा, एका सेकंदाने ‘चटई’ हा माहीत असलेला शब्द, पिल्लू गेलं की क्लिक. नवी खूण आधी, जुनी नंतर. उलटं केलं तर भोंग्याकडे ते लक्षच देत नाही. अशा वीस-तीस जोड्यांनंतर भोंगा वाजल्यावर जरा गप्प राहून बघावं. शब्दाआधीच पावलं चादरीकडे वळली तर लागोपाठ तीन-चार तुकडे द्यावेत.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू साधारण १६ आठवड्यांचं होतं. तोवर रस्त्यावर, मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत पिल्लू सोडायचं नाही. पण कडेवर घेऊन बलकांवातून सायकल, छत्री, मासेवाली, शेजारचं कुत्रं हे सगळं दाखवायचं आणि शांत बघितलं की क्लिक. हे वय परत येत नाही, लसींची वाट बघत घरात कोंडून ते वाया घालवू नये.

खऱ्या पदेराबरोबरचा पहिला सराव फाटक बंद ठेवून, चादर दाराच्या आत, फाटकापासून लांब. त्यालाच आधी विनंती करायची: दोनदा भोंगा वाजव, मध्ये दहा सेकंद थांब, आणि पिल्लाशी बोलू नकोस. पाव घ्यायला घरातलं दुसरं माणूस. क्लिकर धरणाऱ्याने त्या वेळी दुसरं काही करायचं नाही. तिकडे पाव मोजून होईपर्यंत इकडे दर दोन सेकंदांनी एक तुकडा, पंजांच्या मध्ये.